डॉन बॉस्को : उमेदवार पोरांचा जामीन

डॉन बॉस्को हे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी आधी शाळेच्या फाटकावर किंवा आयटीआयच्या पाटीवर वाचलेलं असतं. माणूस नंतर कळतो, कळला तर. त्यात डॉन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हिंदी सिनेमाच उभा राहतो. इटलीत मात्र डॉन हा पाद्र्याच्या नावाआधी आदराने लावायचा साधा शब्द आहे. या डॉनचं मूळ नाव जोव्हानी बॉस्को. जन्म १६ ऑगस्ट १८१५, उत्तर इटलीतल्या पीडमाँट प्रांतात, बेक्की नावाच्या चार घरांच्या वस्तीवर.

संत म्हणून त्यांच्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. त्यांची स्वप्नं, त्यांचे चमत्कार, रात्री वाटेत त्यांची राखण करणारा तो गूढ कुत्रा, या गोष्टी मिशन शाळांत शिकलेल्यांना पाठ असतात. इथे त्यांच्याकडे वेगळ्या बाजूने बघायचंय. गरिबाच्या पोराला हाताला काम मिळावं आणि कामावर त्याची पिळवणूक होऊ नये, यासाठी या माणसाने काय काय केलं ते.

जोव्हानी दोन वर्षांचाही नव्हता तेव्हा वडील फ्रान्चेस्को न्यूमोनियाने गेले. घामाघूम होऊन शेतावरून आले, थंडगार तळघरात उतरले, तापाने पडले ते उठलेच नाहीत. घरात आई मार्गारिता, म्हातारी सासू, सावत्र मुलगा अंतोनियो आणि दोन लहानगे. वर दुष्काळ. मार्गारिताबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण घर त्यांनी मोडू दिलं नाही. जोव्हानीला शिकायचं होतं. अंतोनियोचं म्हणणं, आपण नांगर धरायचा आणि याने पुस्तक, हे कुठलं? त्याचंही अगदीच चूक होतं असं मला वाटत नाही. दोन हात कमी झाले की शेतकऱ्याच्या घरात काय होतं ते ज्याला कळतं त्याला कळतं. भांडणं विकोपाला गेली आणि १८२८च्या फेब्रुवारीत, ऐन थंडीत, साडेबारा वर्षांचा जोव्हानी कपड्यांचं बोचकं घेऊन घराबाहेर पडला. मोलिया नावाच्या कुटुंबाच्या शेतावर गडी म्हणून राहिला. गोठा साफ करायचा, गुरं राखायची, द्राक्षांच्या मळ्यात राबायचं. जवळजवळ पावणेदोन वर्षं.

पुढे शाळा मिळाली, पण फुकट नाही. कास्तेलनुओवो गावात तो एका शिंप्याकडे राहिला. रिकाम्या वेळेत काजं करायला, कडा दुमडायला शिकला, मग बंड्या बेतायला. हात इतका बसला की शिंपी म्हणाला, शाळा सोड आणि माझ्याकडेच राहा. तिथेच एका लोहाराकडे हातोडा आणि कानस चालवायला शिकला. कियेरी शहरात माध्यमिक शिक्षणासाठी गेला तेव्हा सोळा वर्षांचा हा घोडा दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या बाकावर बसला. राहण्याखाण्यासाठी कुणाच्या मुलाची शिकवणी घेतली, तर एक वर्ष कॅफे पियांता नावाच्या कॉफीगृहात पोऱ्या म्हणून काम केलं. झोपायला जिन्याखालची अरुंद जागा. तिथे कॉफी, मिठाया, सरबतं, आइस्क्रीम बनवायला शिकला, आणि तिथल्या मालकानेही त्याला कायमचं ठेवून घ्यायची तयारी दाखवली. एलिया नावाच्या यहुदी पुस्तकविक्रेत्याकडून तो एका सोल्दोला एक पुस्तक वाचायला आणायचा. आपल्याकडच्या लायब्ररीच्या भाड्यासारखंच ते.

ही सगळी कामं शिकताना पुढे उपयोग होईल असा काही विचार त्याच्या मनात असण्याचं कारण नव्हतं. पोट भरणं एवढाच हेतू. पण जो माणूस पुढे शेकडो पोरांना कामाला लावणार होता, त्याला पोऱ्या असणं म्हणजे काय हे पुस्तकातून वाचावं लागलं नाही.

५ जून १८४१ रोजी ते धर्मगुरू झाले आणि तुरीन शहरात आले. शहर वाढत होतं. नवी घरं, नवे रस्ते, नवे कारखाने. डोंगराळ खेड्यांतून पोरांचे तांडेच्या तांडे हंगामाला शहरात यायचे. आठ-दहा वर्षांची पोरंसुद्धा परांचीवर विटा आणि चुन्याची घमेली वाहायची. पोर्ता पालात्सो या बाजाराच्या चौकात सकाळी पोरं उभी असायची, कुणी बूट पुसणारा, कुणी धुराडी साफ करणारा, कुणी मिळेल ते काम करणारा. आपल्या शहरांतल्या मजूर अड्ड्यावर सकाळी आठ वाजता जाऊन बघा, वेगळं वर्णन करायला नको. काम मिळालं तर जेवण. नाही मिळालं तर चोरी, आणि चोरीनंतर तुरुंग.

तुरुंगही त्यांनी पाहिला. डॉन काफास्सो नावाचे त्यांचे गुरू त्यांना कैद्यांच्या भेटीला नेत. बारा ते अठरा वर्षांची धडधाकट, हुशार पोरं तिथे उवांनी भरलेल्या अंगाने बसलेली. बॉस्कोंच्या एक गोष्ट लक्षात आली. सुटलेली पोरं पुन्हा पुन्हा आत येत होती, कारण बाहेर त्यांचं कुणी नव्हतं. ज्याला बाहेर एखादा तरी विचारपूस करणारा भेटला, तो सहसा परत येत नव्हता. पुढचं सगळं काम या एका निरीक्षणावर उभं आहे.

८ डिसेंबर १८४१ची गोष्ट ते स्वतःच आपल्या आठवणींत सांगतात. चर्चच्या मागच्या खोलीत ते मिस्सासाठी झगा चढवत होते. एक सोळा वर्षांचा गवंड्याचा पोर, बार्तोलोमेओ गारेल्ली, तिथे घुटमळत होता. मिस्साला मदत करायला येत नाही म्हणून तिथल्या सेवकाने त्याला झाडूच्या दांड्याने बडवलं. बॉस्कोंनी त्याला परत बोलावून घेतलं. आईबाप नाहीत, अक्षरओळख नाही, येतं काय तर काहीच नाही. शेवटी शिट्टी वाजवता येते का असं विचारल्यावर पोरगा हसला म्हणतात. पुढच्या रविवारी तो मित्रांना घेऊन आला. अशी सुरुवात झाली. दगड फोडणारे, गिलावा करणारे, रस्त्याला फरशी बसवणारे, असली पोरं दर रविवारी जमू लागली. खेळ, गाणी, प्रार्थना, नाश्ता, आणि थोडं लिहिणं-वाचणं. याला ते ओरेटरी म्हणत.

रविवार झाला की इतर पाद्री दमून बसत. बॉस्को मात्र आठवडाभर पोरांच्या कामावर जाऊन त्यांना भेटायचे. झगा सावरत परांचीखाली उभं राहायचं, पोराची चौकशी करायची, मालकाशी दोन शब्द बोलायचे. बेकार असेल त्याच्यासाठी शब्द टाकायचा. यामुळे पोराला बरं वाटायचं हे उघडच आहे. पण मालकालाही कळायचं की या पोराच्या मागे कुणीतरी आहे.

जागेचा प्रश्न मात्र पाचवीला पुजलेला. शे-दोनशे पोरांचा गोंगाट कुणाला हवा असतो? दवाखान्याच्या आवारातून हाकललं, पिठाच्या गिरण्यांपासून हाकललं, भाड्याच्या खोल्यांतून हाकललं, शेवटी मोकळ्या कुरणातूनही हाकललं. शहराच्या पोलिसांचे प्रमुख मार्क्विस मिकेले काव्हूर (इटलीच्या एकीकरणाच्या इतिहासात येणाऱ्या काव्हूरचे वडील) यांना ही गर्दी धोक्याची वाटली आणि त्यांनी शिपाई नजरेवर ठेवले. काही पाद्र्यांना तर बॉस्कोंचं डोकं फिरलंय अशी खात्री झाली आणि ते त्यांना वेड्यांच्या इस्पितळात न्यायला गाडी घेऊन आले. बॉस्कोंनी त्यांना आधी आत बसवलं, बाहेरून दार लावलं आणि गाडीवानाला गाडी हाकायला सांगितलं! १८४६च्या ईस्टरला अखेर वाल्दोक्को भागात पिनार्दी नावाच्या माणसाची एक शेड भाड्याने मिळाली. इतकी बुटकी, की पुढे आर्चबिशप आले तेव्हा त्यांचा उंच मुकुट छताला आपटला. त्याच वर्षी बॉस्को मरणाच्या दारातून परत आले. दुखण्यातून उठून नोव्हेंबरात तुरीनला आले ते आईला बरोबर घेऊनच. अठ्ठावन्न वर्षांच्या मार्गारिताबाई गावचं घर सोडून शहराच्या त्या बकाल वस्तीत राहायला आल्या आणि मरेपर्यंत तिथेच पोरांचे सदरे शिवत राहिल्या.

रात्रशाळेतली एक गोष्ट मला फार आवडते. पीडमाँटच्या सरकारने १८५०पासून मेट्रिक मापं सक्तीची करायचं ठरवलं होतं. म्हणजे गवंड्याला, सुताराला, दुकानातल्या पोऱ्याला सगळी जुनी मापं विसरून मीटर-किलो शिकणं भाग होतं, नाहीतर रोज फसवणूक. आपल्याकडे शेर-मण जाऊन किलो आला तेव्हा आजी-आजोबांची किती तारांबळ उडाली ते घराघरात ऐकलेलं असेल. बॉस्कोंनी १८४९मध्ये साध्या भाषेत मेट्रिक पद्धतीचं छोटं पुस्तक काढलं, आणि तेवढ्याने भागेना म्हणून त्यावर विनोदी संवाद लिहून ते पोरांकडून रंगमंचावर करून घेतले. कामगार पोराला उद्या सकाळी कामावर काय लागणार आहे, ते आज रात्री शिकवायचं. अभ्यासक्रम ठरवायची ही पद्धत आजच्या कुठल्याही कौशल्य केंद्राने घ्यावी अशी आहे.

राहायला जागा नसलेल्यांचं काय, हा प्रश्न १८४७च्या मे महिन्यात दारातच येऊन उभा राहिला. पावसात चिंब भिजलेला, व्हालसेसिया खोऱ्यातून कामाच्या शोधात आलेला पंधरा वर्षांचा अनाथ मुलगा. जवळचे तीन लिरा संपलेले. त्याआधी आसरा दिलेली काही पोरं रातोरात गोधड्या घेऊन पसार झाली होती, त्यामुळे आता भांडीकुंडी तरी राहतात का, अशी शंका मायलेकांना होतीच. तरी मार्गारिताबाईंनी गरम सूप दिलं, कपडे वाळवले, विटांवर फळ्या टाकून स्वयंपाकघरातच बिछाना केला. आणि झोपण्याआधी कामाबद्दल, प्रामाणिकपणाबद्दल चार शब्द सांगितले. दाराला मात्र कुलूप लावलं! पोरगा राहिला. मग दुसरा आला, मग तिसरा. पिनार्दीचं सगळं घर हळूहळू वसतिगृह झालं.

ही पोरं दिवसा शहरात मेस्त्रींकडे उमेदवारी करायची. उमेदवारी म्हणजे त्या काळी काय असायचं? शिकवायच्या नावाखाली पोराला घरगडी करायचा. बाजारहाट करायला लावायचं, मूल सांभाळायला लावायचं, चुकला की फटके द्यायचे, रविवारीही राबवायचं, आणि दोन वर्षांनी हातात विद्या शून्य. पूर्वी कारागिरांचे संघ असत, त्यांचे काही नियम असत. तेही राजाने १८४४मध्ये बरखास्त केले होते. पोर आणि मालक यांच्यात आता तिसरं कुणी उरलं नव्हतं.

बॉस्को तिथे तिसरे म्हणून उभे राहिले, आणि तेही कागदावर. त्यांनी केलेले जे करार आज उपलब्ध आहेत त्यांतला एक १८५१च्या नोव्हेंबरातला, काचकाम करणाऱ्या कारागिराबरोबरचा आहे. दुसरा ८ फेब्रुवारी १८५२चा, जास्त प्रसिद्ध. चाळीस सेंतेसिमीचा स्टॅम्पपेपर. एका बाजूला सुतारमेस्त्री जुझेप्पे बेर्तोलिनो, दुसऱ्या बाजूला मोंदोव्ही गावचा मुलगा जुझेप्पे ओदास्सो आणि त्याचे वडील, आणि जामीन म्हणून डॉन बॉस्को.

त्यात मेस्त्रीने कबूल केलंय ते असं. दोन वर्षांत मुलाला सुतारकाम शिकवीन. चुकला तर शब्दांनी समजावीन, मारणार नाही. धंद्याशी संबंध नसलेली कामं सांगणार नाही आणि त्याच्या ताकदीबाहेरचं ओझं टाकणार नाही. रविवार आणि सणाचे दिवस पूर्ण मोकळे सोडीन. वर्षाला पंधरा दिवस सुट्टी देईन. ठरलेली मजुरी दर आठवड्याला देईन. महिनाअखेर मुलाची वागणूक कशी होती ते दिलेल्या कागदावर खरं खरं लिहीन. मुलानेही कबूल केलंय, की वेळेवर येईन, लक्ष देऊन शिकेन, मेस्त्रीचा मान ठेवीन आणि नुकसान केलं तर भरून देईन. वडिलांनी त्या नुकसानीची हमी घेतलीय. आणि मुलगा ओरेटरीत आहे तोवर त्याच्या चांगल्या वागणुकीची काळजी बॉस्कोंनी स्वतःकडे घेतलीय.

यातली कलमं आज साधी वाटतात. पण १८५२मध्ये सुतारपोऱ्याला भरपगारी नसो, पण हक्काची पंधरा दिवसांची सुट्टी? मारायचं नाही हे चक्क स्टॅम्पपेपरवर? स्वतंत्र भारतात उमेदवारांचा कायदा १९६१मध्ये झाला, आणि त्यातही मालक आणि उमेदवार (तो अज्ञान असेल तर पालकही) यांच्यात करार व्हावा लागतो. हे आधी कुणीच केलं नव्हतं असा दावा मी करत नाही. तुरीनमध्ये गरीब मुलांसाठी असे करार करणाऱ्या इतर धर्मादाय मंडळ्याही होत्या. बॉस्कोंचं वेगळेपण माझ्या मते दोन्ही बाजूंनी बांधून घेण्यात आहे. पोरगा नुसता दयेला पात्र बिचारा नाही. त्याला सही आहे, जबाबदारी आहे, वेळेवर यायचं आहे. आणि मालकाला फुकटात पुण्य नाही, तर जामीनदार असलेला, भरवशाचा उमेदवार मिळतोय.

याच सुमारास, १८५०मध्ये, पोरांची परस्पर मदत मंडळी निघाली. दर आठवड्याला एक सोल्दो वर्गणी. सहा महिने झाल्यावर आजारी पडलात तर रोज पन्नास सेंतेसिमी मिळणार. सोल्दो म्हणजे पाच सेंतेसिमी, म्हणजे एका दिवसाच्या आजारपणाला दहा आठवड्यांची वर्गणी परत. रोजंदारीवरचा माणूस तापाने आठ दिवस झोपला की त्याचं घर बसतं, हे ज्याने जवळून पाहिलंय त्यालाच हे सुचेल. आजची भिशी आणि बचतगट यांच्या जवळची ही गोष्ट.

तरीही शहरातल्या कामाच्या जागा बॉस्कोंना पटत नव्हत्या. शिवीगाळ, दारू, वाईट संगत आणि धर्माविरुद्धची टवाळी. शिवाय घरातल्या वाढत्या पोरांना जोडे आणि कपडे लागतच होते, ते बाहेरून घेणं परवडत नव्हतं. १८५३च्या शरदात त्यांनी घरातच दोन कार्यशाळा काढल्या. मोचीकाम नव्या चर्चच्या घंटाघरालगतच्या चिंचोळ्या जागेत, शिवणकाम जुन्या स्वयंपाकघरात. पहिल्या दिवशी ते स्वतः बाकावर बसले आणि तळव्याला हातोडी कशी मारायची ते दाखवलं. शिंप्याकडचा जुना हातही उपयोगी पडला. १८५४मध्ये पुस्तकबांधणी, १८५६मध्ये सुतारकाम, १८६१-६२च्या सुमारास छापखाना आणि लोहारकाम. पुस्तकबांधणी कुणालाच येत नव्हती. आईने पिठाची खळ केली, कडा कापायला स्वयंपाकघरातली विळी आली, सगळी पोरं हसली आणि पहिलं पुस्तक बांधून झालं, अशी कथा सांगतात.

खरी डोकेदुखी मेस्त्रींची होती. पगारावर ठेवावं, तर ते कामात लक्ष घालेनात. कार्यशाळा त्यांच्याच नफ्यातोट्यावर सोपवावी, तर ते पोरांना नोकरासारखं राबवू लागले आणि शिकवणं बाजूला पडलं. म्हणजे शहरात जे टाळायला कार्यशाळा काढली तेच घरात आलं. निरनिराळ्या तऱ्हा करून पाहिल्यावर त्यांना मार्ग सापडला तो १८५९मध्ये स्थापन झालेल्या सालेशियन संस्थेतून. पाद्री नसलेले, व्रत घेतलेले, पण हातात रंधा किंवा कात्री धरणारे बंधू. घराचेच माणूस असलेले मेस्त्री. तांत्रिक शिक्षणात शिकवणारा कोण आणि त्याचा फायदा कशात, हा प्रश्न यंत्रांपेक्षा मोठा असतो. आपल्याकडे यंत्रं धूळ खात पडलेल्या आणि निदेशक नसलेल्या संस्था पाहिल्या की हे पटतं.

मुलींचं काय, असं कुणी विचारेल. मोर्नेझे गावची मारिया माझारेल्लो ही शेतकऱ्याची मुलगी. १८६०मध्ये नातेवाइकांची सेवा करता करता तिला टायफस झाला, जीव वाचला पण शेतात राबायची ताकद गेली. तेव्हा ती शिंप्याकडे जाऊन शिवण शिकली, आणि गावच्या मुलींसाठी तिने शिवणवर्ग काढला. बॉस्कोंची तिची भेट नंतरची. १८७२मध्ये दोघांनी मिळून भगिनींची संस्था उभी केली. म्हणजे मुलींच्या बाजूचं काम बॉस्कोंच्या आधीच एका बाईने स्वतःच्या बुद्धीने सुरू केलं होतं, हे नीट लक्षात ठेवायला हवं.

बॉस्कोंच्या मर्यादाही होत्या. मजुरीचे दर असे का, कारखानदार इतके बळकट का, या प्रश्नांत ते शिरले नाहीत. पोरांना राजकारणापासून दूर ठेवण्याकडेच त्यांचा कल. १८४८च्या धामधुमीत त्यामुळे काही सहकारी त्यांना सोडूनही गेले. युनियनवाल्यांना ते अपुरे वाटतील, आणि त्यात तथ्य आहे. पण ओदास्सोला उद्या सकाळी मार न खाता सुतारकाम शिकायचं होतं, आणि त्याचं उत्तर उद्या सकाळपर्यंतच हवं होतं.

पैसा कुठून आला? लॉटऱ्या काढून, श्रीमंतांच्या दारी जाऊन, पत्रं लिहून लिहून. १८७७मध्ये माथी गावची कागद गिरणीसुद्धा घेतली. १८८४च्या तुरीनच्या राष्ट्रीय प्रदर्शनात बॉस्कोंच्या दालनात लोकांची झुंबड उडाली, कारण तिथे चिंध्यांपासून कागद, कागदावर छपाई, आणि छापल्याचं बांधलेलं पुस्तक, हे सगळं त्यांची पोरं डोळ्यांदेखत करून दाखवत होती. परीक्षकांनी रौप्यपदक दिलं. म्हातारे बॉस्को चक्क रागावले आणि फेरविचार करा असं त्यांनी लिहून कळवलं. पदकासाठी संत रागावला हे वाचून मला तर बरंच वाटलं. पोरांच्या कामाला कुणी कमी लेखलेलं त्यांना चालत नसे.

३१ जानेवारी १८८८च्या पहाटे तुरीनमध्ये ते वारले. १९३४च्या ईस्टरला त्यांना संतपद मिळालं.

भारतात त्यांची माणसं १९०६मध्ये तंजावरला आली आणि त्यांनी तिथलं अनाथालय चालवायला घेतलं. तेव्हा मैलापूरचे बिशप असलेले तेओतोनियो द कास्त्रो पुढे गोव्याचे आर्चबिशप झाले. त्यांच्या हयातीत सालेशियन गोव्यात आले नाहीत. ते आले १९४६मध्ये, पणजीला, आणि तिथेही सुरुवात झाली ती ओरेटरीनेच. आधी मैदान, आधी पोरं. वर्गखोल्या नंतर.